पैलवानाचं बळ राहतं कुठे?

वाचायला बसला असाल तर आधी उठा! घरातली एक मोकळी भिंत शोधा. भिंतीकडे पाठ करून उभे राहा आणि दोन्ही टाचा भिंतीला अगदी घट्ट टेकवा. पुढ्यात एखादी जाड गोधडी अंथरून ठेवा, तिची गरज पडणार आहे. आता गुडघे न वाकवता हळूहळू पुढे वाका आणि पायाचे अंगठे धरायला जा.

काय झालं? तोल गेला ना! आता भिंतीपासून दोन पावलं पुढे या आणि पुन्हा तेच करा. आता जमतंय. एखाद्याचे हात अंगठ्यापर्यंत पोचले नसतील, पण तोंडघशी तर कोणी पडलं नाही. मग भिंतीने मघाशी असं केलं तरी काय?

भिंतीने तुमचं ढुंगण अडवलं. हसा खुशाल, पण खरंच तेवढंच केलं. आपण पुढे वाकतो तेव्हा डोकं आणि छाती पुढे जाते आणि त्याच वेळी, आपल्याला न विचारता, कंबर मागे सरकते. पुढे गेलेल्या वजनाची भरपाई मागे गेलेलं वजन करतं. भिंत मध्ये आली की कंबरेला मागे जायला जागाच उरत नाही.

आपल्या शरीराचं सगळं वजन जणू एकाच बिंदूत गोळा झालं आहे, असं मानता येतं. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली, पोटाच्या आत असतो. तिथून सरळ खाली एक रेघ ओढा. ती रेघ दोन्ही पावलं आणि त्यांच्या मधली जागा यांच्या आत पडते तोवर तुम्ही उभे. रेघ बाहेर गेली की तुम्ही खाली! मग तुम्ही कितीही ताकदवान असा.

आता एका पैलवानाची गोष्ट सांगते. ही रेघ स्वतःच्या पावलांत ठेवायची आणि समोरच्याची बाहेर काढायची, या एका कामात तो इतका तरबेज झाला की त्याचं नाव देशभर गेलं. आणि तो आपल्या लातूरचा!

लातूर जिल्ह्यात निलंगा तालुका आहे. त्या तालुक्यातलं गाव रामलिंग मुदगड. हरिश्चंद्र बिराजदार या गावचे. एक गंमत सांगू? त्यांच्या लहानपणी लातूर जिल्हाच नव्हता. निलंगा तालुका आधी हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली आणि तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला. लातूर जिल्हा झाला थेट १९८२ साली. तोपर्यंत बिराजदार कुस्ती खेळून, जिंकून, नाव कमावून मोकळे झाले होते.

आपल्या मराठवाड्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडायला लागली की माणसं गोल करून बसतात. सुरुवातीला तुमच्याएवढ्या पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात, मग जोड मोठे होत जातात आणि शेवटच्या कुस्तीला तर पाय ठेवायला जागा मिळत नाही. अशा मुलखातून हरिश्चंद्र कोल्हापूरला गेले, ते गंगावेस तालमीत. कुस्ती शिकायची तर कोल्हापूर गाठायचं, असाच तेव्हाचा रिवाज होता.

१९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली लातूरला. ही स्पर्धा १९६१ पासून सुरू आहे आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर मानाची गदा येते. त्या वर्षी ती गदा हरिश्चंद्र बिराजदारांच्या खांद्यावर आली. आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांसमोर! तेव्हा ते जेमतेम विशीतले होते.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, स्कॉटलंड देशातल्या एडिनबरो शहरात राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताला तिथे ५ सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही कुस्तीतली. त्यातलं ८२ किलो गटाचं पदक होतं बिराजदारांचं. तांबड्या मातीत वाढलेला, लंगोट लावून खेळणारा गडी परक्या थंड देशात गादीवर उतरतो आणि सोनं घेऊन येतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. तिथे हलगी नव्हती, फेटे उडवणारी माणसं नव्हती, पायाखाली माती नव्हती. मग सोबत काय होतं?

गावात कोणालाही विचारा, पैलवानात बळ कुठून येतं? लगेच उत्तर येईल : दूध, तूप, बदामाची थंडाई! खुराक लागतोच, त्यात खोटं काही नाही. स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात आणि दूध, डाळी, अंडी यांतून ती मिळतात. पण नुसतं दूध पिऊन कोणाला डाव आलाय का कधी? खुराकाने शरीर तयार होतं. त्या शरीराचं काय करायचं, ते दुसरीकडेच साठवलेलं असतं. ती जागा आपल्याला शोधायची आहे.

आधी पैलवान उभा कसा राहतो ते बघा. पाय फाकलेले, एक पाऊल थोडं पुढे, गुडघे वाकलेले, पाठ जराशी झुकलेली. हे सगळं कशासाठी? पाय फाकले की दोन पावलांमधली जागा वाढते, म्हणजे रेघ बाहेर जायला जास्त अंतर लागतं. एक पाऊल पुढे असलं की मागून-पुढूनही आधार मिळतो. गुडघे वाकवले की गुरुत्वमध्य खाली येतो, आणि तो जितका खाली तितकं त्या माणसाला उलथवणं अवघड. हे तुम्ही मित्राबरोबर करून बघा. तो पाय जुळवून ताठ उभा असताना त्याच्या खांद्याला हळूच एका हाताने ढकला. मग त्याला पाय फाकून, गुडघे वाकवून उभं राहायला सांगा आणि तेवढ्याच जोराने पुन्हा ढकला. मित्र तोच, वजन तेच, पण आता तो हलणार नाही.

आता डाव बघू. पट काढणं तुम्ही ऐकलं असेल. समोरच्याच्या पायाला झटकन बिलगायचं आणि पाय ओढून घ्यायचा. एक पाय धरला तर एकेरी पट, दोन्ही धरले तर दुहेरी पट. यात समोरच्याचं वजन उचलावं लागत नाही. त्याचा गुरुत्वमध्य जिथल्या तिथे राहतो, पण त्याच्या खालची पावलंच आपण काढून घेतो. रेघ तीच, आधार गेला. बाकीचं काम पृथ्वी करते!

ढाक हा याहून देखणा डाव. समोरच्याचा हात आवळून धरायचा, गर्रकन वळायचं, आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि त्याला आपल्या कंबरेवरून पलीकडे टाकायचं. शेतात मोठा धोंडा हलवायचा असला की आजोबा पहारीखाली छोटा दगड ठेवतात आणि पहारीचं दुसरं टोक दाबतात, तसं इथे पैलवानाची कंबर त्या छोट्या दगडाचं काम करते. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला तरफ म्हणतात आणि त्या दगडाला टेकू. टेकू योग्य जागी लागला की आपल्यापेक्षा जड माणूसही पलटी होतो. टेकू चार बोटं वर लागला तर मात्र तोच माणूस आपल्याच अंगावर येतो. कमरेने किती खाली जायचं, कोणत्या क्षणी वळायचं, हे सगळं एका सेकंदापेक्षा कमी वेळात ठरतं.

आणि इथेच खरी नवलाची गोष्ट सुरू होते. इतक्या कमी वेळात ठरवतं कोण?

यासाठी आणखी एक प्रयोग. ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राने ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायची. तुम्ही खालच्या टोकापाशी, शून्याच्या खुणेला, अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, पट्टीला न लावता. मित्राने न सांगता पट्टी सोडली की पकडायची. कितीव्या सेंटिमीटरवर पकडली ते बघा. २० च्या आसपास आलं तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागले. आता डोळे मिटा. मित्राने एका हाताने पट्टी सोडायची आणि नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या हाताने तुमच्या खांद्याला टिचकी मारायची. टिचकी बसली की पकडा. दहा-बारा वेळा करून बघा. बहुतेकांना डोळ्यांपेक्षा स्पर्शावरून पट्टी लवकर सापडते! डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाचा संदेश तयार व्हायला थोडा वेळ जातो, त्वचेवरच्या स्पर्शाचा त्याहून लवकर तयार होतो.

म्हणून पैलवान सुरुवातीला खडाखडी करतात. मानेवर हात, मनगटावर हात, कपाळाला कपाळ. बघणाऱ्याला वाटतं, अजून कुस्ती सुरू झालीच नाही. पण त्या वेळी दोघांची त्वचा आणि स्नायू समोरच्याला वाचत असतात. याने भार उजव्या पायावर टाकला का? याचा दंड ताठ झाला का? आपल्या स्नायूंच्या आत ताण मोजणारे अगदी बारीक तंतू असतात. हाताला थोडं जरी ओढलं, तरी ते मज्जारज्जूकडे खबर पाठवतात. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतला द्रव हलला की मेंदूला कळतं की डोकं कुठे वळलं. डोळे मिटूनही तुम्हाला तुमच्या नाकाच्या शेंड्यावर बोट नेता येतं ना? ते या खबऱ्यांमुळेच.

या सगळ्या खबरा जिथे पोचतात, त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण म्हणजे लहान मेंदू. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असतो तो. नाव लहान, पण ऐका तर! माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि त्यातल्या जवळपास ६९ अब्ज या एवढ्याशा लहान मेंदूत दाटीवाटीने बसलेल्या असतात. हालचाल घोटून घोटून पक्की करणं, ती सफाईदार करणं, चुकली तर पुढच्या वेळी सुधारणं हे त्याचं काम. तुम्ही सायकल शिकताना किती पडलात! आता सायकल चालवताना तोल सांभाळायचा विचार तरी करता का? विचार करायची गरजच उरलेली नाही. तालमीत पहाटे तोच पट, तीच ढाक, तोच डाव रोज घोटतात ते यासाठी.

जोर आणि बैठकांचंही असंच आहे. तुम्ही आज बैठका मारायला सुरुवात केली तर पहिल्या काही आठवड्यांत तुमची ताकद वाढलेली तुम्हालाच जाणवेल. पण टेपने मांडी मोजाल तर ती जवळपास तेवढीच भरेल! मग ताकद आली कुठून? स्नायू हजारो तंतूंचे असतात आणि नेहमीच्या कामात त्यातले सगळे एकदम कामाला लागत नाहीत. सराव केला की मेंदू आणि मज्जारज्जू त्यातल्या जास्त तंतूंना एकाच वेळी हाक द्यायला शिकतात. स्नायू मोठा होतो तो नंतर. म्हणजे पैलवानात बळ येतं ते आधी चेतातंतूंत, मग दंडात. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी तालमीत जोर मारणाऱ्या बारक्या पोरांकडे वेगळ्याच आदराने बघायला लागले.

मातीबद्दल न सांगता कुस्तीबद्दल कसं लिहायचं! आखाड्याची माती रोज फावड्याने खणून भुसभुशीत करतात. तिच्यात हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर असं काय काय मिसळतात. प्रत्येक तालमीची रीत निराळी. भुसभुशीत का करायची? समजा तुम्ही टणक जमिनीवर पडलात, तर तुमचं अंग एका सेंटिमीटरमध्ये थांबतं. मऊ मातीत ते पाच सेंटिमीटर आत जाऊन थांबलं, तर बसणारा धक्का साधारण पाचपट कमी होतो. माती खाली दबते आणि पैलवान वाचतो. शिवाय पैलवान एकमेकांच्या अंगाला माती चोळतात. ती घाम शोषून घेते, घर्षण वाढतं आणि पकड सुटत नाही. घामेजलेलं मनगट धरून बघा, लगेच पटेल.

हळदीचं जरा जपून सांगते. हळदीतल्या करक्युमिन या पदार्थाचा काही जंतूंवर परिणाम होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण म्हणून हळद घातली की मातीतले सगळे जंतू मेले, असं समजू नका. पैलवानांना एकमेकांच्या अंगाला अंग घासून गजकर्ण होतं, ते एका बुरशीमुळे. त्यावर उपाय म्हणजे कुस्तीनंतर साबणाने आंघोळ, आपला पंचा आपल्यालाच, आणि चट्टा दिसला की डॉक्टर.

पैलवानांचे कान बघितलेत कधी? सुजल्यासारखे, गोळा झालेले, कडक. बाहेरच्या कानाला आकार देते ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिला चिकटून जे पातळ आवरण असतं, त्याच्याकडून तिला अन्न मिळतं. कुस्तीत कान सारखा घासला, दाबला गेला की आवरण सुटतं आणि मध्ये रक्त साठतं. कूर्चेचं अन्न बंद होतं, आणि साठलेल्या जागी ओबडधोबड कडक गोळा तयार होतो. सूज आल्याबरोबर डॉक्टरकडे गेलं तर ते सुईने रक्त काढून कान वाचवू शकतात. हल्ली कान झाकणारं संरक्षकही मिळतं. तरी जुने पैलवान त्या कानाकडे पदकासारखं बघतात, आणि त्यांच्या मेहनतीची ती खूण आहे हे मलाही मान्य आहे. पण तुम्ही कान झाका!

आता गादी. गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुण मोजले जातात. मातीतल्या जुन्या कुस्तीत गुण नसत. खांदे मातीला लागले, चितपट झाली की निकाल. गादी दबते कमी, पाय सरकतो लवकर, म्हणून हालचाल जास्त चपळ लागते. महाराष्ट्र केसरीत मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात. २०२० साली पुण्यात मातीवरून आला होता आपल्या लातूरचा शैलेश शेळके, आणि गादीवरून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही एकाच तालमीतले, काका पवारांचे शिष्य! हर्षवर्धन ३-२ असा जिंकला आणि जिंकल्यावर त्याने शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. काका पवारही लातूर जिल्ह्यातले, ग्रीको-रोमन कुस्तीचे अर्जुन पुरस्कार मिळालेले मल्ल. आणि मुलींनो, २०२३ पासून महिलांचीही महाराष्ट्र केसरी सुरू झाली आहे. पहिली गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने नेली.

परत बिराजदारांकडे येऊ. एडिनबरोनंतर ते थांबले नाहीत. रुस्तुम-ए-हिंद हा किताब त्यांनी मिळवला, आणि महाराष्ट्रात आजही त्यांचं नाव या किताबासकटच घेतात. १९७७ साली बेळगावात त्यांची गाठ पडली दिल्लीच्या सतपालशी. सतपाल म्हणजे तेव्हाचा देशातला बलाढ्य मल्ल. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने १०० किलो गटात सुवर्णपदक मिळवलं. त्या सतपालला बिराजदारांनी हरवलं. जुन्या माणसांसमोर नुसतं बेळगावचं नाव काढा आणि त्यांचे चेहरे बघा!

पण शरीराचंही एक वेळापत्रक असतं. तिशी ओलांडली की झटकन आखडणारे स्नायूतंतू हळूहळू बारीक व्हायला लागतात. दुखापत भरून यायला जास्त दिवस लागतात. पूर्ण जोरात पळताना हृदय जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं, तो आकडा दर वर्षी साधारण एकाने कमी होतो. हा नियम सगळ्यांना सारखाच. फुटबॉलमधला मायकेल लाउड्रुप ऐकलाय? डेन्मार्कचा. जुव्हेंटस, बार्सिलोना, रिआल माद्रिद असल्या मोठमोठ्या क्लबांकडून खेळला. १९९८ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धचा सामना झाला आणि वयाच्या ३४ व्या वर्षी त्याने बूट उतरवले. मग तो प्रशिक्षक झाला, आणि २०१३ साली इंग्लंडमध्ये स्वान्झी क्लबला लीग कप जिंकून दिला. पाय थांबले, पण त्याला जे येत होतं ते थांबलं नाही.

बिराजदारही वस्ताद झाले. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरं घडवू लागले. आता विचार करा. बिराजदारांचे चेतातंतू, त्यांचा लहान मेंदू, तीस-चाळीस वर्षं घोटलेली ती ढाक, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि अंगात. दुसऱ्याच्या अंगात ते जाणार कसं? पुस्तक लिहून? लिहिलं तरी तुम्ही वाचून सायकल शिकलात का?

इथे तालमीची पद्धत कामाला येते. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहून नुसता ओरडत नाही. तो पोराचा हात धरून योग्य जागी ठेवतो, कंबरेला धक्का देऊन आणखी खाली बसवतो, चुकीचा पाय पायाने सरकवतो. स्पर्शाची भाषा स्पर्शाने शिकवायची! आणि पोराच्या मेंदूत तोच रस्ता पुन्हा नव्याने तयार होतो, पहिल्या फावड्यापासून. एकाच्या डोक्यातला रस्ता उचलून दुसऱ्याच्या डोक्यात ठेवता येत नाही. प्रत्येक पोराने तो आपला आपणच घडवायचा असतो. वस्तादाचं काम चुकीची वाट बंद करत जाणं. हजारो वेळा. कंटाळा न करता.

या पोरांमध्ये एक होता राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्याचे वडीलही पैलवान, पहिले धडे घरीच मिळाले. मग तो पुण्याला बिराजदारांच्या हाताखाली आला. बिराजदारांना खेळातल्या आयुष्यभराच्या कामाबद्दल २००६ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये त्यांचं पुण्यात निधन झालं. राहुल तेव्हा विशीच्या आसपासचा. पुढे तो काका पवारांच्या तालमीत घडला. म्हणजे बीडच्या पोराला दोन्ही वस्ताद लाभले ते लातूरचेच!

एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ५७ किलो गटाच्या अंतिम कुस्तीत राहुलसमोर होता कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. राहुलने ती कुस्ती १५-७ अशी जिंकली आणि सुवर्णपदक आपल्या वस्तादांना, हरिश्चंद्र बिराजदारांना, अर्पण केलं. १९७० आणि २०१८. मध्ये ४८ वर्षं. वस्तादाचं वजन ८२ किलो, शिष्याचं ५७. एक स्कॉटलंडमध्ये, दुसरा ऑस्ट्रेलियात. स्नायू दोघांचे वेगळे, हाडं वेगळी, पदक मात्र एकाच स्पर्धेतलं! पुढच्याच वर्षी राहुलने नूर-सुलतान इथल्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदकही मिळवलं. आणि तिकडे दिल्लीत? बेळगावात हरलेले सतपालही वस्ताद झाले होते. त्यांचा शिष्य सुशील कुमार २००८ आणि २०१२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये पदकं घेऊन आला. फडात भिडलेल्या दोन मल्लांनी पुढे देशाला अशी पोरं दिली.

आता तुमच्यासाठी काम. येळवशीच्या सुमाराला नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, लावणी, पाळणे सगळं असतं आणि कुस्त्यांचा फडही असतो. आईबाबांबरोबर गेलात तर हट्ट करून पुढे बसा. सगळे हाताकडे आणि चेहऱ्याकडे बघत असतील. तुम्ही पावलांकडे आणि कमरेकडे बघा. कोणाची कंबर वर आली, कोणाची पावलं जवळ आली, कोणाचा भार एकाच पायावर गेला ते टिपा. आणि पैलवान पडण्याआधी शेजारच्याला सांगा, हा पडणार! पाच कुस्त्यांत किती अंदाज बरोबर आले, ते पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. पट्टीच्या प्रयोगाचे आकडेही लिहा, डोळ्यांचे वेगळे आणि स्पर्शाचे वेगळे. आम्ही वाट बघतोय.